कोपरा बदलताना

प्रिय आई,

मंगळवारी दुपारी प्रचारात दारोदार फिरताना मिसेस हूकस्ट्रा नावाच्या बाईंनी दार उघडलं आणि माझं सगळं बदललं. तब्येत ठीक आहे, तू दिलेले मोजे घालतो. कर्टदादाचं इराकहून काही कळलं का?

त्यांच्या दारात मी नेहमीसारखं सिनेटर व्हिटलॉकबाईंसाठी मत मागितलं. त्या म्हणाल्या, "बाळ, पाच वर्षांपूर्वी तुझी बाई इराकच्या युद्धाला हो म्हणाली. माझा मुलगा पीटर त्यात गेला. आता राष्ट्राध्यक्ष व्हायला निघालीये, पण चुकलं, एवढं तरी म्हणाली का?" डोळ्यांपुढे दादा आला. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

आज आयोवात पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायचाय. तुमच्याकडच्यासारखं गुप्त मतदान नाही इथे. शाळेच्या जिममध्ये सगळ्यांदेखत आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. सिनेटरबाईंचा कोपरा मारिसा सांभाळते. जिच्यापायी मी कॉलेज सोडलं, तीच. बाजू बदलतोय असं तिला सांगितलं, तर म्हणाली, "आजच बरं आठवलं तुला युद्ध! समोर गेलास तर परत माझ्याशी बोलू नकोस."

मी समोरच जाणार आहे, युद्धाला विरोध करणाऱ्या उमेदवाराच्या कोपऱ्यात, मिसेस हूकस्ट्रांशेजारी. मारिसा जाईल याची भीती वाटते, पण त्यांच्यासारखं दादाला गमावून तुला कधी दारात उभं राहावं लागेल, याची जास्त वाटते. बाबांची पाठ कशी आहे?

संध्याकाळी सातनंतर जिममध्ये कुणाला घेत नाहीत. कोट घातलाय. पत्र वाटेत पेटीत टाकतो. हे बघ, निघालोच.

तुझाच,
रँडी