छपरातलं भोक

प्रिय बाबा,

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. फक्त डोकं फिरलंय.

या बेटावर लाल फळांचं एकच झाड होतं. गावजेवणासाठी मी इथे जो मांडव बांधला, त्याचं लांब टेबल मी त्या झाडाभोवती वळवलं आणि छपरात त्याच्या बुंध्यापुरतं भोक ठेवलं. शनिवारी स्क्रू आणायला होडीने पलीकडे गेले, तेवढ्यात गावाने श्रमदान काढलं. परत येऊन बघते तर झाड आडवं!

“फळं सूपमध्ये पडली असती,” समितीचा अध्यक्ष टोरलाइफ म्हणाला. “आभार राहू देत गं. ये, वॅफल खा.”

श्रमदान करणाऱ्यांवर चिडायचं नसतं, हे तुम्हीच शिकवलंत. म्हणून दातओठ खात वॅफल खाल्लं.

काल पहिलं गावजेवण झालं आणि नेमका पाऊस आला. टोरलाइफची बशी तुडुंब भरली. वर बघून तो सगळ्यांदेखत मलाच विचारतो, “अगं शहाणे, छपराला भोक कशाला ठेवलंस?”

तुमचे गुडघे कसे आहेत? खरं सांगा. तुमच्या मदतीला शेजारी श्रमदानाला येणार आहेत, असं आई म्हणाली. येऊ देत, त्यांना कॉफी पाजा. पण करवत आजच लपवा, आणि आपल्या सफरचंदाच्या झाडाखाली खुर्ची टाकून ते जाईपर्यंत उठू नका.

तुमची संतापलेली,
सीग्नी