पळून आल्यावरचे दोन तुकडे

५ ऑक्टो., रवि.
सकाळी १२ कि.मी., कालव्याच्या रस्त्याने. बरं गेलं.
दुपारी कोच सर आले. ट्रायल ९ नोव्हेंबरला, नागपूर. विद्यापीठाच्या धावण्याच्या टीममध्ये सहा मुली घेणार. मागच्या वर्षी मी सातवी होते. यंदा बी.ए.चं शेवटचं वर्ष, म्हणजे ही शेवटची ट्रायल. पस्तीस दिवस उरले.
सरांनी चार्ट दिला. अंडी, भिजवलेले चणे, बीट, केळी. आणि पळून आल्यावर डार्क चॉकलेट, दोन तुकडे, सत्तर टक्क्यांच्या वरचं. आमच्या पवनीत मिळणार नाही म्हणून स्वतःच नागपूरहून चार पाकिटं घेऊन आले. बीट मी कर्तव्य म्हणून खाते. चॉकलेट मात्र जीव लावून. बूट काढायचे, ओट्यावर बसायचं, तुकडा जिभेवर ठेवायचा आणि चावायचा नाही. आधी कडू, मग जरा आंबट, मग कुठून तरी भाजलेल्या शेंगदाण्यासारखं काहीतरी. तेवढी पाच मिनिटं कुणी हाक मारू नये.
आईने तीन वेळा हाक मारली.

७ ऑक्टो., मंगळ.
सुमनआत्या आली. बाबांची बहीण, आमच्याच गल्लीत राहते आणि दिवसातून दोनदा तपासणीला येते. चॉकलेट दिसलं.
"शुगरवाल्याच्या घरात हे कायले आणते व करुणा? बापाले मारते का?"
झालं. माझं डोकं सटकलं. म्हटलं, साखर नाही त्यात, कारल्यासारखं कडू आहे, खाऊन पाहा. तिच्या हातावर तुकडाच ठेवला. तिने तोंडात टाकला आणि धावत अंगणात जाऊन थुंकली.
"हे जहर खाऊन पळून राहिली का तू?"
बाबा खाटेवर बसून हसत होते. त्यांना चार वर्षं झाली शुगरला. सकाळ-संध्याकाळ गोळी, शिवाय गावात सगळे शुगरवाले घेतात तसा गुळवेलीचा रस. पथ्य विचाराल तर शून्य.
एक तुकडा वाया गेला. आत्याच्या तोंडात जाणं म्हणजे वायाच.

११ ऑक्टो., शनि.
६ x १ कि.मी. चौथ्याला बरगडीखाली कळ. तरी सहाही पुरे केले.
घरी येते तर पाकीट गायब. आईने कोंबड्यांना टाकलेलं! का, तर त्याला बुरशी आली होती म्हणे. बुरशी नाही, उन्हाने विरघळून पुन्हा थंड झालं की असं पांढरं येतं. सर म्हणाले होते. पण आईला कोण सांगणार?
"कोंबड्याबी तोंड लावून नाई राहिल्या, अन् तू खाते!"
उरलेली तीन पाकिटं स्टीलच्या डब्यात घालून डबा माठामागच्या ओल्या रेतीत रोवला. घरात तेवढीच थंड जागा आहे. आता कुणी हात लावायचा नाही, असं जाहीर सांगितलं. कुणी ऐकलं असेल असं वाटत नाही.

१८ ऑक्टो., शनि.
चोरी होतेय. एका पाकिटात वीस तुकडे, रोजचे दोन, म्हणजे दहा दिवस. सहाव्या दिवशीच संपलं. आईला विचारलं. "मले त्याचा वासच नाई आवडत." आत्या तर थुंकलेलीच. उंदीर म्हणावा तर झाकण घट्ट लावलेलं असतं.
बाबांना विचारलं नाही. त्यांना लागतो पेढा, जिलेबी. कडू गोष्टीकडे ते ढुंकून बघत नाहीत. गुळवेलीचा रस पिताना सुद्धा शिव्या देतात.
या घरात एक वस्तू माझी म्हणून नसावी? बूट आईच्या चुलतबहिणीची मुलगी घालून बघते, घड्याळ आत्याला वेळ बघायला लागतं, आणि आता हे.

२४ ऑक्टो., शुक्र.
कापणी सुरू. सकाळी प्रॅक्टिस, मग बांधीत, धान कापायला. सरांना सांगितलं नाही, ओरडतील. वाकून वाकून मांड्या दगड झाल्या.
बाबांच्या पायात धानाचा खुंट घुसला, अंगठ्याला. अनवाणीच जातात, सांगून उपयोग नाही. हळद भरली, फडकं बांधलं, परत कापायला. म्हटलं, दवाखान्यात चला. "एवढ्याश्यासाठी?"
दुसरं पाकीटही संपत आलं.

२९ ऑक्टो., बुध.
५ कि.मी. घड्याळ लावून. मागच्या वर्षीपेक्षा एकवीस सेकंद कमी!! सर काहीच बोलले नाहीत, नुसती मान हलवली. ते बोलले नाहीत की समजायचं बरं आहे. तिसरं पाकीटही आज संपलं; सरांनी आणखी एक दिलं.
घरी सांगितलं. आई: "मंग पोलिसात भरती होईन का?" बाबा: "कितवी आली?" एकटीच पळत होते बाबा, कितवी येणार!
बाबा लंगडतायत. बरं आहे म्हणतात.

१ नोव्हें., शनि.
आत्ताच घडलंय. लिहून टाकते.
कालव्याच्या रस्त्यावर मळणीयंत्र आडवं लावलेलं, म्हणून अर्ध्यातून परत आले. मागच्या दाराने आत गेले. बाबा माठाजवळ उकिडवे, डबा उघडा. दोन तुकडे तोंडात टाकले, डोळे मिटले, आणि वरून तांब्याभर पाणी घटाघटा. गोळी गिळावी तसं! आधी मला रागच त्याचा आला. चोरून खाता ते खाता, निदान चव तरी घ्या.
"काहून बाबा? काहून?"
"तूच तं म्हणली व, कारल्यासारखं आहे म्हणून. मी म्हटलं शुगरले बरं राहीन. गुळवेलीपेक्षा तं हेच बरं."
मी हसायला लागले होते. मग विचारलं, गोळी?
गोळी बंद. गुळवेलही बंद. पंधरा-वीस दिवस झाले. दोन कडू औषधं एकत्र घेतली की शुगर एकदम खाली पडून चक्कर येते, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. म्हणून त्यांनी विचार करून एकच ठेवलं. माझं चॉकलेट.
पाकिटाची मागची बाजू वाचून दाखवली. साखर, दुसऱ्याच नंबरवर. ते म्हणाले, "कडू असून साखर कशी राहीन त्याच्यात?" मी ओरडले. खूप ओरडले. आत्याला गप्प करायला मी बोलले होते, तेही ओरडूनच सांगितलं, जसा काही त्यांचाच गुन्हा.
मग पायाचं फडकं सोडलं. अंगठा काळा पडलेला, आणि वास.

२ नोव्हें., रवि.
गावच्या दवाखान्याच्या आशाताईने घरी येऊन शुगर तपासली. आकडा बघून तिने मशीन पुसलं आणि पुन्हा तपासली. तेवढाच. "आजच्या आज भंडाऱ्याले न्या."
प्रॅक्टिस नाही.

४ नोव्हें., मंगळ.
भंडारा. बाबा भरती. सुया, सलाइन, रोज ड्रेसिंग. डॉक्टर म्हणतात गोळ्या चालू असत्या तर जखम एवढी चिघळली नसती. चॉकलेटचं मी सांगितलं. ते म्हणाले, दोन तुकड्यांनी एवढं होत नाही, गोळी सोडल्याने होतं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.
सकाळी दवाखान्याच्या मागच्या रस्त्यावर ६ कि.मी. कुत्री मागे लागली. वेळ चांगली आली, कुत्र्यांमुळेच.
आत्या डबा घेऊन आली. "मी तं पह्यलेच म्हटलं होतं." हे वाक्य तिने वॉर्डात चार बायांना सांगितलं. आणि ती बरोबर आहे, हेच जास्त झोंबतं.

६ नोव्हें., गुरु.
घरून येताना चॉकलेटचा डबा आणला होता, शेवटच्या पाकिटातले दहा तुकडे. पळून आल्यावर पायरीवर बसून एक तोंडात ठेवला. जाईना. थुंकलाही नाही. गिळला, बाबांसारखा.
सरांचा फोन: "चार्ट चालू आहे ना?" चालू आहे सर.

७ नोव्हें., शुक्र.
बाबांशी भांडण. म्हटलं, दुसऱ्या कुणाला विचारायचं तरी होतं! मला विचारायचं. आईला. आशाताईला. लपून कशाला?
सलाइनची नळी चाचपत राहिले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "मागच्या वर्षी तू पळत होती तई मी चक्कर येऊन मैदानाच्या बाहीर बसलो होतो. पाह्यलंच नाई तुले. औंदा म्हटलं शुगर खाली आणतो, मंग जातो पोरीसंग. तुले सांगतलं असतं तं तू म्हणली असती, राहू द्या, नका येऊ."
म्हणाले असते. नक्की म्हणाले असते.
मला इतका राग आला की बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. असा कसा माणूस! जिलेबी सोडायची नाही, गोळी सोडायची. आणि कारण काय, तर मी.

८ नोव्हें., शनि., संध्या.
डॉक्टर संध्याकाळी येऊन गेले. काळं वर सरकलंय. उद्या सकाळी सातला बघून ठरवतील, अंगठा ठेवायचा की काढायचा. काढायचा तर लगेच. सही करायला कुणीतरी हवं. आईला सहीची भीती वाटते. ती म्हणते, डॉक्टरची इंग्रजी तुलाच समजते. आत्याला ठेवावं तर ती डॉक्टरशी भांडेल.
ट्रायलही सातला. रिपोर्टिंग सहाला. म्हणजे आजच निघून मैत्रिणीकडे मुक्काम.
बाबांना सांगितलं नव्हतं, पण वॉर्डात काही लपत नाही. म्हणाले, "जा. अंगठा माहा आहे, तुह्या पायाचा नाई." आणि पाच मिनिटांनी, जाते का राहते न विचारता, "डॉक्टर सातलेच येते ना नक्की?" दोनदा विचारलं. घाबरलेत. मी त्यांना असं कधी बघितलेलं नाही.
बॅग भरलेली आहे. बूट पायात आहेत.
सरांचा फोन आला: "निघालीस ना? सोडू नकोस या वेळी." म्हटलं, हो सर.
आई चहा घेऊन आली. बाबांकडे न बघता हळूच म्हणाली, "राह्यते ना तू?" म्हटलं, हाव. तिलाही होच.
शेवटची गाडी साडेआठची. आता सात वाजून वीस मिनिटं झालीत.