उन्हातले बिबडे

पिंप्राळा, जळगाव
२२ मे

प्रेमराजभाऊ,

नमस्कार. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? इकडे दुपारी रस्त्यावर रिक्षाही सापडत नाही, असं ऊन आहे. पुनम बाळाला घेऊन राहायला आली आहे. आखाजीच्या सणाला तुम्ही आणलेले आंबे संपले. तुमची कादंबरीही वाचून झाली, तीनदा. देताना तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणाला होतात, "सुगंधा, शेवट सावकाश वाच." सावकाश वाचला.

फोन करता आला असता. पण नको तो विषय निघाला की तुमचा फोन कट होतो, म्हणून पत्र.

आधी चांगलं सांगते. तुमच्या धुक्यानं मला रडवलं. पहिल्या पानापासून ते आहे. पांझरेच्या काठावर, मग छावणीत, मग बर्फातल्या त्या वरच्या चौकीवर. आपल्या गावचं वैशाखातलं ऊनसुद्धा पुस्तकात तुम्ही मऊ करून टाकलंत. आणि धुकं वाचताना कुणावर रागावताच येत नाही. शत्रू दिसत नाही, मित्र दिसत नाही, जे झालं ते कुणी केलंच नाही असं वाटायला लागतं. नवल गेल्यापासून माझ्या छातीत जी आग होती, ती पहिल्यांदा निवल्यासारखी झाली. पुस्तक उशाशी घेऊन झोपले मी.

चौकीवर तुमच्याबरोबर असलेल्या नवलचं नाव तुम्ही नथू ठेवलंत, पण गावाला कळायचं ते कळलं. धुकं उतरतं, नथू घाबरतो, चौकी सोडून भलतीकडेच चालत जातो. नायकाला त्याच्या हाका ऐकू येतात, पण धुक्यात दिशा कळत नाही. पुनमच्या सासऱ्यांनी ते वाचून तिला सहज विचारलं, "तुझे वडील वाट चुकले होते का गं?" बाप गेला तेव्हा ती रांगत होती. तिनं मला विचारलं. मी म्हटलं, धुकं होतं बाई, त्याला कोण काय करणार.

तुमचंच धुकं मी माझ्या लेकीच्या डोळ्यांत घातलं.

मागच्या आठवड्यात गच्चीवर वाळवणाला ज्वारीचे बिबडे घातले. शेजारच्या बेबाबाई, त्या बँकेतून निवृत्त झाल्या ना, मदतीला आल्या होत्या. आम्ही ओल्या फडक्यावर थापत होतो आणि पुनम जिन्याच्या सावलीत बसून तुमचा शेवट मोठ्यानं वाचत होती. नायक खाली धावत सुटतो, तिथे ती आली. नथूनं घरचे बिबडे ताडपत्रीवर वाळत घातलेले असतात, आणि ते नायकाच्या बुटाखाली कडकड मोडतात. बेबाबाई हसल्या. "व माय, धुकामा बिबडा कडकड वाजस का? सादळीसन चामडं व्हई जास." पुनमही हसली; सादळलेला बिबडा वाकतो, मोडत नाही, हे तिलाही ठाऊक. माझा हात पिठातच राहिला.

तो आवाज तुम्ही ऐकला आहे, भाऊ. तो मनानं सुचत नाही. माझ्या हातचे बिबडे होते ते. सुटी अर्धी टाकून निघाला, तेव्हा मीच नवलच्या पिशवीत बांधून दिले होते. वर ओल लागली असेल, म्हणून त्यानं वाळत घातले. धुक्यात कोण बिबडे वाळत घालतं?

मी युसूफभाऊंना फोन केला. ते तेव्हा खालच्या चौकीवर होते. आधी बराच वेळ तब्येतीचंच बोलत राहिले. मग म्हणाले, "भाभी, त्या दिवशी आभाळ साफ होतं. काळा चष्मा काढला की डोळे जळायचे. धुकं दुसऱ्या दिवशी पडलं, नवलला खाली आणलं तेव्हा."

तुम्ही ते धुकं एक दिवस अलीकडे आणलंत.

उन्हात हाक मारणारा माणूस दिसतो. कुठे पडलाय ते दिसतं, कोणता हात वर केलाय तेही दिसतं. तुम्ही पाहिलंत आणि त्याच्या बिबड्यांवरून धावत खाली गेलात. ते मी गिळलं असतं. पंचविशीच्या आतली पोरं होतात तुम्ही. मरण समोर आल्यावर कोण काय करेल, सांगता येत नाही. पण नवल चौकीवरच होता, आणि मेलेल्या माणसाला तुम्ही वाट चुकायला लावलंत. वर दर आखाजीला भाऊ म्हणून माझ्या दारात आलात. मी तुम्हाला मांडे वाढले.

आठ जूनला धुळ्यात तुमचा सत्कार आहे. शाल वीरपत्नीच्या हातून घालायची, म्हणून संयोजकांचा फोन आला होता. मी हो म्हटलं. गाडी पाठवू नका, एसटीनं येईन. डब्यात दोन बिबडे असतील. एक कडक, एक रात्रभर ओल्या फडक्यात ठेवलेला. शाल हातात घ्यायच्या आधी मी तुमचं ते पान वाचेन, मग दोन्ही बिबडे माइकसमोर मोडेन. समोर आपल्याकडच्याच बाया बसलेल्या असतील. त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

त्याआधी तुम्ही स्वतः उठून त्या दिवशीचं ऊन सांगितलंत, तर डबा पिशवीतच राहील. शाल मात्र तरीही मी घालणार नाही.

आजारी पडू नका. पडलात तर मी देवपूरला तुमच्या घरी येईन आणि वहिनींसमोर बसून बोलेन. आणि पुढच्या आखाजीला येऊ नका. पुनमला मी सगळं सांगितलं आहे. तिनं सासऱ्यांना फोन केला, तेव्हा तिचा आवाज मी पहिल्यांदा इतका तिच्या बापासारखा ऐकला.

पत्राबरोबर थोडे बिबडे पाठवते आहे. शेंगदाण्यांबरोबर खा. चांगले वाळले आहेत, आवाज येईल.

इतकी वर्षं इथे 'तुमची बहीण' लिहीत आले.

नवलची बायको,
सुगंधा