उन्हात ठेवलेली पूड

बोईसर
रविवार, ११ ऑगस्ट १९८५

ती. वत्सलाआत्या हिस जयवंतीचा शि. सा. न.

आमच्या प्रयोगशाळेतल्या कमलाकांतांनी बनवलेली औषधाची पूड अशुद्ध निघाली, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खरं नाही. पूड चांगली होती, बिघडवली मी.

पेशीत कॅल्शियम आलं की एक प्रथिन त्याला धरतं आणि पुढची कामं सुरू होतात. ही पूड त्या प्रथिनालाच अडवते. मग कोणतं काम थांबलं ते आमच्या प्रयोगशाळेत मोजतात. गेल्या महिन्यात कपाटाला ओल आली. दोन दिवस उघाड पडली, तेव्हा मी बाटली खिडकीत उन्हात ठेवली. आपल्या घरी बोंबील असोत की गोधड्या, दमट लागलं की उन्हात. मी विचारच केला नाही. परवा वाचलं की ही पूड उजेडात नासते. तिला गुलाबी झाक आली होती, तीही मी वहीत लिहिली नव्हती.

आमचे प्रमुख सर म्हणतात, कमलाकांतांचं काम गचाळ, त्यांना ठेवायचं की नाही ते बैठकीत ठरवू. मी अजून गप्प आहे. माझी नोकरी महिनाअखेर कायम व्हायची आहे. काय करू ते लिही.

तुझी जयवंती

केळवे
१३ ऑगस्ट

चि. जयवंतीस अनेक आशीर्वाद.

पत्र मोठ्याने वाचलं. तुझा बापूस हसला. म्हणाला, पोरीला एवढी शिकवली, तिने औषधाचेपण बोंबील केले! मग म्हणाला, आधी कायम होऊ दे, नंतर बोल. मला ते पटत नाय. शाळेत जायच्या आधी मी तुला पाटीवर शिकवायची, तेव्हा अक्षर चुकलं की मी पुसावं म्हणून तू बसून राहायचीस. आता मी पुसणार नाय.

पण नुसती रडत जाऊ नको. उन्हात न गेलेली थोडी पूड मिळते का बघ. आणि त्या माणसाच्या घरी कोण कोण आहे ते विचारत बसू नको. कोणी नसलं तरी त्याचं त्याला मिळायला हवं.

जेवत जा. माया आहे तशीच आहे.

तुझी आत्या

बोईसर
शनिवार, १७ ऑगस्ट

ती. आत्या, शि. सा. न.

कमलाकांतांकडे त्याच बॅचची एक शिशी काळ्या कागदात गुंडाळलेली होती. कशाला हवी ते मी सांगितलं नाही, याची लाज वाटते. देताना ते म्हणाले, बाई, माझं कुठे चुकलं ते सापडलं तर मला आधी सांगा. मला त्यांच्याकडे बघवेना.

काल तीनदा तपासलं. त्या शिशीतल्या पुडीने प्रथिन तिन्ही वेळा अडलं. उन्हातल्या पुडीने एकदाही नाही. आता शंकेला जागा नाही, आणि खरं लिहिते, मी ती शोधत होते.

गुलाबी झाकेची नोंद वहीत आज केली, आजचीच तारीख घालून. बाबांना सांग, रागवायचं असेल तर मी घरी आल्यावर रागवा. नोकरी गेली तर येईनच. तुमची माया मी धरूनच चालते.

बैठक मंगळवारी आहे. त्याआधी कमलाकांतांना सगळं सांगून, त्यांना सोबत घेऊनच सरांकडे जाणार आहे: सोमवारी, १९ ऑगस्टला, सकाळी नऊ वाजता.

जयवंती