चौकटीवरची घोंगडी

बुधवार, १४ फेब्रुवारी १९७३

ती घोंगडी काही डोक्यातून जात नाही. शिंगणापुरात एकाही घराला दार नाही, पण सोजरमावशींच्या खोलीच्या चौकटीला दोन महिने घोंगडी टांगलेली. आत कॅन्सरची जखम, अंधार आणि वास. दवाखान्याने घरी पाठवलं तेव्हा त्यांच्या मुलाला वाटलं, आता करण्यासारखं काही उरलं नाही. मी नर्स असून मलाही तसंच वाटलं होतं की! लाज वाटते.

गेला आठवडाभर रोज मलमपट्टी करतेय. दुखणं चढायच्या आत वेळेवर गोळी द्यायची, हे सुनेला शिकवलं. परवा मुलगा म्हणाला, "बरी व्हनार न्हाई, मग औषद कशाला?"

म्हटलं, "दुखू नये म्हणून. आणि हा रोग जवळ बसल्याने लागत नाही. शेजाऱ्यांना येऊ द्या."

तेव्हा मावशी पहिल्यांदाच बोलल्या, "गावात कुनाला दार न्हाई. मलाच तेवढं लावलं व्हय रं?"



आज गेले, तर घोंगडी जमिनीवर अंथरलेली. तिच्यावर तीन शेजारणी ज्वारी निवडत बसलेल्या, आणि मावशी खाटेवरून ओरडतायत, "आगं, खडं ऱ्हायलं की त्यात!"