तुला हवी तशी शांतता

प्रिय गास्ताँ,

तुझं पत्र मिळालं. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे, ऑगस्टचे पंधरा दिवस आमच्या भिंतीला लागून असलेल्या भाड्याच्या घरात काढायचेत आणि ‘ताई, या खेपेला शांततेची तेवढी खात्री दे.’ वाचून डोळे निवले बघ. अरे, ये ना! सख्ख्या भावाला नाही कोण म्हणतंय? मी तयारीलासुद्धा लागले.

गादीला ऊन दाखवलं, चादरींत लव्हेंडरच्या पुरचुंड्या ठेवल्या, धुराडं झाडून घेतलं. शेजारची ओर्तांस विचारत होती, “कोण लाटसाहेब येतोय गं?” म्हटलं, लाटसाहेब कसला, आमचाच गास्ताँ. व्हिनेगर प्यायल्यासारखं तोंड केलं तिनं. गाव काही विसरलेलं नाही हो.

याच अंगणात शेणामातीत लोळून वाढलास, लियाँला जाऊन साहेब झालास आणि तुझे कान नाजूक झाले! तीन उन्हाळ्यांमागे आलास तेव्हा आमचा सार्जंट पहाटे आरवतो म्हणून मला चकार शब्द न बोलता थेट मेयरकडे तक्रार केलीस. एका कोंबड्याची! मेयर बिचारा टोपी हातात घेऊन दारात उभा. “मार्सेलिनबाई, लेखी आलंय, मी तरी काय करू?” म्हातारा कोंबडा, कोणी घेईना. शेवटी मीच त्याची मान मुरगळली आणि वाइनमध्ये शिजवला. तू रस्सा पावानं पुसून पुसून खाल्लास. वर म्हणालास, “ताई, तुझ्या हाताला चव आहे!” मी पुन्हा वाढलं तुला.

त्या दिवशी तुझे दाजी जेवले नाहीत, ते दिसलं होतं का? डोळे गेल्यापासून माझ्या लेओन्सची पहाट सार्जंटच्या आरवण्यानंच व्हायची. घड्याळ काय, कोणीही फिरवतं, म्हणायचे, सार्जंट खोटं बोलत नाही. तो आरवला की उठून बसायचे, कॉफी मागायचे, मला दोन शिव्याही घालायचे. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात. आमच्या घरात राहिलं रे! सार्जंट गेला आणि रात्रभर हाका सुरू झाल्या, “मार्सेलिन, उजाडलं का?” मी हो म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसायचा नाही. पुढे पुढे तर अंथरुणातून उठायचंच सोडलं. बर्फ वितळायच्या आत गेले. तू फुलं पाठवली होतीस, चांगली महागातली.

तर गास्ताँ, आता तयारीचं शेवटचं सांगते, त्यासाठीच लिहायला बसले. भाड्याच्या घरात तुझ्या दाजींचाच पलंग नेऊन टाकलाय. खिडक्यांच्या लाकडी झडपा बाहेरून खिळे ठोकून बंद केल्यात. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, बल्ब काढून ठेवला, कुत्रा ओर्तांसकडे पाठवला. कोंबडा तर मी पुन्हा पाळलाच नाही. शांतता हवी होती ना? घे, पोटभर घे. त्या पलंगावर कधीतरी तुला जाग येईल, रात्र की दिवस काही कळणार नाही, आणि लहानपणी मारायचास तशी हाक मारशील, “ताई, उजाडलं का गं?” मी भिंतीपलीकडे जागीच असेन. पण सांगणार नाही.

तुझीच,
मार्सेलिनताई