मामांनी खाली ठेवलेला पेला

पॅरिस, ११ फेब्रुवारी १९८६

प्रिय फिद्दाताईस,
मुतअसिमचा सलाम. मुलं मजेत ना? अम्मानच्या थंडीत तुझे गुडघे धरत असतील, लोकरीचं काहीतरी पांघरत जा. तू पाठवलेले ऑलिव्ह पोचले. निम्मे शेजाऱ्यांनीच फस्त केले.

शाहेरमामा आले होते. हो, आपलेच! मला खांद्यावर बसवून पहिल्या मोर्चात नेणारे, "घोषणा पोटातून दे रे, घशातून नको" म्हणून ओरडणारे. आपल्या दोघांचा देश सुटल्यापासून गावचं माणूस पहिल्यांदाच माझ्या दारात! मी ढसाढसा रडलो. वेलची घालून कडू कॉफी केली, पहिला पेला त्यांना दिला. त्यांनी तो तसाच खाली ठेवला.

"एक मागणं आहे. हो म्हणालास तरच पिईन."

मागणं घालून पेला खाली ठेवणाऱ्या पाहुण्याची कॉफी निवू देतात का आपल्याकडे कुणी? मी हसत म्हटलं, "प्या हो मामा! दिलं. जीव मागा."

त्यांनी एका घोटात पेला संपवला. मग म्हणाले, "जिनिव्हाच्या मानवी हक्कांच्या सभेत तू बोलायचं नाहीस. एक अक्षर नाही."

ताई, माझं डोकं अजून बधिर आहे. पुढच्या महिन्यात तिथे मी तिकडे तुरुंगात डांबलेल्या आपल्या माणसांची नावं वाचणार होतो. त्यासाठी लंडन, रोम, स्टॉकहोम पालथं घातलं, दारोदार विनवण्या केल्या. पहिलं नाव तुझ्या ओबेदाचं होतं.

"तो तुमचा भाचजावई आहे! लाज नाही वाटत?" मी किंचाळलोच.

मामांची मान वर होईना. "सरकारने मला एका दिवसात पासपोर्ट दिला, बाळा. तुझा शब्द घेतल्याशिवाय परतलो तर माझ्या घरी काय होईल, तूच समज."

मग जाताना मफलर गुंडाळत पुटपुटले, "त्यांना धास्ती तुझी एकट्याची. फिद्दाचं नाव कुणी काढलं नाही. मीही काढलं नाही."

मी निरोपही न घेता दार आपटलं. आज त्यांचा पेला विसळताना त्या बोलण्याचा अर्थ लागला आणि तसाच लिहायला बसलो.

कॉफीवर दिलेला शब्द माझ्याने मोडवणार नाही. पण तू कुणाला शब्द दिलेला नाहीस. जिनिव्हाला तू ये. व्हिसाचं मी बघतो, होकार हे पत्र आणणाऱ्याच्याच हाती कळव. ओबेदाचं नाव तू घे, मग बाकीच्यांची. मी मागच्या रांगेत बसेन. भीती वाटेल, आवाज कापेल. पोटातून बोल, ताई, घशातून नको.

तुझ्या आवाजाची वाट पाहणारा,
तुझा मुका भाऊ
मुतअसिम